मामाजींच्या आजाराचं खापर कोराडी रोडवर फोडायचं का?

«डॉक्टरताई, आम्ही नागपुरात मानकापूरला राहतो, कोराडी रोडपासून दोन घरं आत. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ७६ वर्षांचे आहेत. काटोल तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. २०१२ मध्ये सासूबाई गेल्या आणि आम्ही त्यांना आग्रहानं इकडे आणलं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. जेवून अर्धा तास होत नाही तोच ‘आज स्वयंपाक नाही का?’ विचारतात. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन ‘शाळेत जातो’ म्हणत फाटकाशी उभे राहतात. माझ्या नणंदेनं कुठंतरी वाचलं की प्रदूषणानं डिमेन्शिया होतो. दिवाळीत सगळ्यांसमोर म्हणाली, ‘गावच्या चांगल्या हवेतून आणून तुम्हीच त्यांना धुरात टाकलं.’ तेव्हापासून मला झोप नाही. आमचे हे म्हणतात घर विकून बेसाला जाऊ. मुलगी बारावीला आहे. मी ४७ वर्षांची, रोज गाडीनं सीताबर्डीला नोकरीला जाते, आणि हल्ली मलाही ओळखीच्या माणसांची नावं आठवत नाहीत. प्युरिफायर घ्यायचा का? घर बदलायचं का? आणि हे खरंच धुरानं होतं का?»
— एक सून, मानकापूर

ताई,

आधी दिवाळीतल्या त्या वाक्याबद्दल बोलते, कारण तुमचे बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याखाली दबले आहेत.

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि अल्झायमर हा त्याचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचू लागतं. ते पहिली विसरभोळेपणाची खूण दिसण्याच्या साधारण १५ ते २० वर्षं आधीपासून साचत असतं. मामाजींचं निदान गेल्या वर्षी झालं, म्हणजे खुणा त्याच्या एक-दोन वर्षं तरी आधी सुरू झाल्या असणार. तिथून मागे मोजत जा. सुरुवात बहुधा ते गावी शाळा चालवत होते, सासूबाई हयात होत्या, त्या काळात येते. तुम्ही त्यांना आणलंत २०१२ साली. नणंदबाईंचा आरोप या हिशेबातच बसत नाही.

दुसरं असं की, गावची हवा चांगली हे आपण गृहीत धरतो. तुमच्या सासरी स्वयंपाक कशावर होत होता? काटोलकडे संत्र्याच्या बागा आहेत तशी कपाशीही आहे, आणि चुलीत पऱ्हाटी नि तुराट्याच जळत आल्या. बंद स्वयंपाकघरातल्या चुलीजवळ सूक्ष्म कणांचं प्रमाण रहदारीच्या रस्त्यापेक्षाही कितीतरी जास्त जातं. नणंदबाईंचं बालपण त्याच धुरात गेलं असेल. त्यांना दोष द्यायला हे सांगत नाही. धूर फक्त शहरात असतो हा समज काढून टाकावा म्हणून सांगते. शेतातल्या फवारणीचंही तसंच. पॅराक्वॉटसारख्या काही औषधांचा पार्किन्सनशी, म्हणजे कंपवाताशी, असलेला संबंध हवेच्या प्रदूषणापेक्षा जास्त स्पष्ट दिसतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते सगळ्यांनी पाहिलं. थोड्या थोड्या मात्रेनं वर्षानुवर्षं अंगात जाणाऱ्या औषधाची मात्र चर्चाच होत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. प्रदूषणाचा आणि डिमेन्शियाचा संबंध आहे का? आहे. नणंदबाईंनी वाचलं ते थोतांड नाही. ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया आयोगानं २०२० मध्ये हवेच्या प्रदूषणाला टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत घेतलं. २०२४ च्या अहवालात ही यादी १४ कारणांची झाली आणि आयोगानं म्हटलं की ही सगळी कारणं आटोक्यात आली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा पुढे ढकलता येतील. त्यात हवेचा वाटा साधारण ३ टक्के धरला आहे. कमी ऐकू येण्याचा वाटा ७ टक्के. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

२०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले. एक घनमीटर हवेत पीएम २.५ हे दीर्घकाळ १० मायक्रोग्रॅमनं जास्त असेल, तर डिमेन्शियाचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो असं त्यांना आढळलं. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपला केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. हिवाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जो राखाडी थर बसतो, तो बराचसा मोठ्या कणांचा. नाक-घसा त्याला अडवतात. खरा त्रास डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा आहे. ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोचतात. त्यांतले सर्वांत बारीक रक्तात उतरतात आणि रक्तवाहिन्यांना सूज आणतात. रक्तदाब वाढतो, मेंदूतल्या बारीक वाहिन्या खराब होतात. दुसरी वाट नाकातून थेट वर जाते, वासाच्या मज्जातंतूवाटे. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या चमूला मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरच्या मृत व्यक्तींच्या मेंदूत लोहाचे अतिसूक्ष्म गोल कण सापडले होते. असे गोल कण खूप उष्णतेत, ज्वलनातून तयार होतात. कण सापडले म्हणजे आजार त्यांनीच केला, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

रस्त्यालगतच्या घरांबद्दलचा अभ्यास तुमच्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ६० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया ७ टक्क्यांनी जास्त निघाला, १०० मीटरपर्यंत ४ टक्के, २०० मीटरपर्यंत २ टक्के, त्यापुढे काही फरक नाही. पार्किन्सनशी त्यात संबंध सापडला नाही. तुमचं घर दोन घरं आत, म्हणजे ५० मीटरच्या आतच असणार. ७ टक्के ऐकून घाबरायला होतं. पण भारतात साठीपुढच्या १००० माणसांत सुमारे ७४ जणांना डिमेन्शिया आहे, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. त्यात ७ टक्के वाढ म्हणजे ७४ चे ७९. ढोबळ हिशेब आहे, कॅनडाचा आकडा इथे लावलाय. तरी त्यावरून अंदाज येतो. रस्त्यालगत राहणाऱ्या हजार वृद्धांत पाच जण जास्त. ते पाच कोण, हे कोणाच्याच रिपोर्टमध्ये लिहून येत नाही. लाखोंच्या शहरात मात्र असे पाच-पाच मिळून शेकडो घरं होतात. म्हणून हा आकडा महापालिकेनं आणि सरकारनं झोप उडवून घ्यावी असा आहे. तुमची झोप त्यानं उडता कामा नये.

आता घर विकण्याचं. माझं स्पष्ट मत आहे, मामाजी असेपर्यंत तरी विकू नका. डिमेन्शियाच्या माणसाला ओळखीचं घर हा मोठा आधार असतो. संडास कुठं, देवघर कुठं, बटण कुठं, हे त्याच्या पायांना आणि हातांना पाठ असतं. नव्या फ्लॅटमध्ये ते सगळं एका दिवसात जातं. रात्री उठून दार शोधत फिरणं, चिडचिड, घाबरणं, बाहेर निघून जाणं, हे घर बदलल्यावर वाढलेलं अनेक कुटुंबांना दिसतं. शिवाय बेसाला जाऊन मिळणार काय? पीएम २.५ सगळ्या शहरावर पसरलेलं असतं, आणि बेसा-पिपळ्याकडे बांधकामांची धूळ काही कमी नाही. रस्त्यालगतचा जो जास्तीचा भाग आहे तो शे-दोनशे मीटरमध्ये उतरतो. म्हणून मामाजींची आणि मुलीची झोपायची खोली मागच्या बाजूला करा. रस्त्याकडच्या खिडक्या रहदारीच्या वेळी बंद, मागच्या उघड्या. दुपारी रहदारी कमी असते तेव्हा घर मोकळं करून घ्या. पुढे कधी घर घ्याल तेव्हा मोठ्या रस्त्यापासून २०० मीटर आतलं घ्या, मग ते मानकापुरात का असेना.

प्युरिफायरबद्दल लोक मला सारखं विचारतात आणि नागपूरपुरतं उत्तर थोडं वेगळं आहे. ते यंत्र बंद खोलीतच काम करतं. आपल्याकडे मार्च संपला की कूलर लागतो. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो, आणि त्यासाठी खिडकी उघडी ठेवावीच लागते. वाळ्याची किंवा लाकडी भुशाची ओली जाळी मोठी धूळ अडवते, बारीक कण नाही. म्हणजे कूलरच्या दिवसांत प्युरिफायर चालवणं म्हणजे निव्वळ वीजबिल. पण आपली हवा खरी बिघडते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हा खिडक्या तशाही बंद असतात. परवडत असेल तर एकाच झोपायच्या खोलीसाठी, खोलीच्या मापाचा, बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा घ्या. आयोनायझर किंवा ओझोनची जाहिरात असलेला नको. दरवर्षी लागणाऱ्या नव्या फिल्टरची किंमत आधी विचारा. हप्त्यावर घ्यावा लागत असेल तर घेऊ नका. ते पैसे मामाजींच्या श्रवणयंत्राला लागतील, त्याचा उपयोग जास्त आहे.

फुकटात करण्यासारखी एक गोष्ट मात्र आजच करा. मामाजींच्या खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा कॉइल लावत असाल तर बंद करा. २००३ मधल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्याइतके सूक्ष्म कण सोडते असं निघालं होतं. दारं लावून, रात्रभर, डोक्याशी. रस्त्याच्या धुरावरून घरात भांडणं होतात आणि पलंगाखाली कॉइल जळत असते. मच्छरदाणी लावा, डेंग्यूसाठीही तीच बरी. देवघरातला धूप थोडा वेळ, खिडकी उघडी ठेवून. फोडणी आणि तळणाच्या वेळी एक्झॉस्ट पंखा चालू.

हिवाळ्यात पहाटे साडेपाचला त्यांना फिरायला नेत असाल तर वेळ बदला. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खालीच अडकते, वरची उबदार हवा झाकणासारखी बसते, आणि रात्रभराचा धूर त्याखाली कोंडतो. त्यात झाडलेला पालापाचोळा पेटवण्याची वेळही तीच. ऊन वर आलं की हे झाकण सुटतं. डिसेंबर-जानेवारीत नऊ-साडेनऊनंतर निघा, कोराडी रोडवरून न जाता आतल्या गल्ल्यांतून किंवा जवळच्या बागेत. एप्रिल-मेमध्ये उलट, ऊन तापायच्या आत जाऊन या. चालणं सोडू मात्र नका. मेंदूला चालण्याचा होणारा फायदा आपल्या शहरातल्या बहुतेक दिवशीच्या हवेच्या तोट्यापेक्षा मोठा आहे.

फोनवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप घ्या आणि जवळच्या केंद्राचा आकडा बघा. बघताना एवढं ध्यानात असू द्या: आपल्याकडे निर्देशांक १०० पर्यंत ‘समाधानकारक’ धरतात, आणि त्या १०० ला पीएम २.५ असतं २४ तासांच्या सरासरीनं ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा आहे १५. वर्षाच्या सरासरीत आपली मर्यादा ४०, त्यांची ५. तेव्हा हिरवा रंग दिसला म्हणून हवा स्वच्छ असं समजू नका, आणि लाल दिसला म्हणून घाबरूनही जाऊ नका. लाल दिवशी मामाजींना घरातच चालवा.

आता तुमच्याबद्दल. सीताबर्डीला जाताना तुम्ही स्कार्फ बांधत असाल. उन्हाला तो उत्तम, सूक्ष्म कणांना नाही. हिवाळ्यात एन-९५ मास्क घाला, नाकावरची पट्टी दाबून, कडेनं हवा न जाईल असा, आणि वर हवा तर स्कार्फ. हेल्मेट रोज. डोक्याला झालेली इजा हेही त्या १४ कारणांपैकी एक आहे, आणि मेंदू वाचवण्याचा त्याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

नावं न आठवण्याला मी आज तरी आजार म्हणणार नाही. तुमची झोप गेली आहे, रात्री मामाजी उठतात तेव्हा तुम्हीच उठत असणार, पाळीच्या उतरत्या वयात लक्ष विचलित होणं अगदी नेहमीचं, आणि त्यात मनाला लागलेलं ते वाक्य. नाव आठवलं नाही पण तासाभरानं आपोआप आठवलं, तर बहुधा काळजी नाही. रोजचा रस्ता चुकला, बँकेचे व्यवहार उमगेनासे झाले, एकच प्रश्न परत परत विचारतेस असं घरचे म्हणू लागले, तर दाखवा. तपासायचंच असेल तर रक्तदाब, साखर, एलडीएल कोलेस्ट्रॉल, थायरॉइड आणि बी-१२ तपासा. चाळिशी-पन्नाशीतला वाढलेला रक्तदाब मेंदूला फार महागात पडतो आणि तो गोळीनं आटोक्यात येतो. रस्त्यावरच्या ट्रकांवर तुमची सत्ता नाही, यावर आहे.

तुमच्या पत्रात मामाजींबद्दल मला एक गोष्ट दिसली नाही, तपासण्या कोणत्या झाल्या. बी-१२ आणि थायरॉइड झालं का? शाकाहारी वृद्धांमध्ये बी-१२ ची कमतरता खूप आढळते, आणि ती विसरभोळेपणा वाढवते, भरून निघण्यासारखी आहे. एमआरआय किंवा निदान सीटी स्कॅन झाला का? पडल्यानंतर मेंदूवर हळूहळू साचलेलं रक्त, उदासीनता, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या यांनीही असंच चित्र दिसतं. ऐकू कसं येतं? मघाचा ७ टक्क्यांचा आकडा त्यासाठी सांगितला. मास्तर माणूस, आयुष्यभर वर्गात बोललेला, तो ऐकू येईनासं झालं की गप्प होतो आणि घरचे समजतात विसरला. मोतीबिंदूही बघून घ्या, कमी दिसणं आता त्या यादीत आलं आहे. हे राहिलं असेल तर मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा मिहानच्या एम्सला मेंदूविकार विभागात दाखवा, जुने कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.

संध्याकाळी ते शाळेत निघतात तेव्हा ‘शाळा सुटून कितीतरी वर्षं झाली’ असं सांगून उपयोग नाही, त्यांना ते खोटं वाटतं. ‘आज सुट्टी आहे मास्तर, चला हजेरी लिहू’ म्हणा आणि वही-पेन द्या. खिशात नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी शिवूनच टाका. तुम्हाला कोणाशी बोलावंसं वाटलं तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्हींवर फोन करायला पैसे लागत नाहीत. नणंदबाईंना वडिलांची काळजी आहे, ती खरी आहे. ती काळजी घेऊन त्यांनी जानेवारीत पंधरा दिवस इथे येऊन राहावं आणि रात्रीची पाळी घ्यावी, असं त्यांना सरळ सांगा. रागानं नको, पण सरळ.

एवढं सगळं केलंत तरी हवा बाहेरचीच आत येणार, हे मी लपवत नाही. अमेरिकेत वृद्ध स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात, जिथे दहा वर्षांत हवा सुधारली तिथे डिमेन्शियाचा धोका कमी झालेला दिसला, २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हवा सुधारली की फरक पडतो, म्हाताऱ्या माणसांनाही पडतो. त्या बायकांनी घरोघरी प्युरिफायर लावून ते साधलं नव्हतं, शहरांची हवा कायद्यानं सुधारली होती.

नागपूर २०१९ पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी आहे. देशाची पर्यावरण संशोधन संस्था, नीरी, १९५८ पासून इथेच आहे. आणि शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रं. कोळशाच्या धुरातला गंधक डायऑक्साइड हवेत गेल्यावर त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, तेही पीएम २.५ च. त्यासाठीचे निकष केंद्रानं २०१५ मध्ये काढले आणि मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच आणायचे म्हणून मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. अशा सुनावणीत कोणीही नागरिक उभा राहून बोलू शकतो, लेखी हरकत देऊ शकतो. तिथे फुप्फुसाबद्दल बोलणारे असतात, मेंदूबद्दल बोलणारं कोणी नसतं. पुढच्या वेळी तुमच्यासारख्या घरानं बोललं पाहिजे, मामाजींबद्दल, नाव न घेता.

आणि रोजचं म्हणाल तर कोपऱ्यावर पेटणारा कचरा. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१६ च्या आदेशानं बंदी आहे, साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड सांगितला आहे. झाडणाऱ्या बाईवर ओरडू नका, तिला पोतं मिळालं नसेल म्हणून ती पेटवते. तक्रार महापालिकेच्या झोन कार्यालयात करा, कचरा उचलण्याची गाडी त्या गल्लीत किती वाजता येते तेही विचारा. फोटोत जागा ओळखू येईल असं बघा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.